पायातलं त्राण परत आणणारी साधनं: वजनाचे पट्टे, रबरी बँड, पेडल आणि बाकीचा पसारा

घरातल्या वडीलधाऱ्यांचे पाय लटपटायला लागले की मुलं आधी मोबाइल हातात घेतात. दोन दिवसांत खोकं येतं, पंधरा दिवस हौसेनं वापरलं जातं आणि मग ते पलंगाखाली सरकतं. साधन मोडलेलं नसतं. एक तर दुबळा स्नायू वेगळाच असतो, नाही तर त्या साधनात भार वाढवायची सोयच नसते. या परीक्षणात प्रत्येक वस्तूला एकच कसोटी लावली आहे: पाय सुधारत जाईल तसं हे साधन जड होत जातं का? बाकी दिवे, आकडे, रिमोट, ‘७ दिवसांत फरक’ वगैरेला इथे गुण नाहीत.

खरेदीच्या आधी एक चाचणी करा, तिला पैसे पडत नाहीत. बैठक सुमारे ४३ सेंटीमीटर उंच असलेली टणक खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर आडवे. ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून पुन्हा बसणं किती वेळा जमतं ते मोजा. शेजारी माणूस उभा हवाच. ६५ ते ६९ वयाच्या पुरुषाला १२ आणि बाईला ११ वेळा जमलं नाही, तर पाय वयाच्या मानाने कमी पडताहेत. ७५ ते ७९ साठी हेच आकडे ११ आणि १० आहेत. हात टेकल्याशिवाय उठताच येत नसेल तर गुण शून्य धरायचा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, सुरुवात कुठून करायची ते कळलं. स्नायू झिजण्याच्या विकाराचे निकष ठरवणाऱ्या आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये याहून सोपी खूण दिली: सलग पाच वेळा उठबस करायला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पुढची तपासणी करावी.

मग नेमकं काय दुबळं आहे ते बघायचं, कारण ‘पायात जोर नाही’ या एका वाक्यात चार वेगळे स्नायू दडलेले असतात. उठताना हातांनी रेटावं लागतं आणि जिना उतरताना गुडघा दगा देतो, तेव्हा मांडीचा पुढचा स्नायू कमी पडतोय. चालताना अंग डावी-उजवीकडे झुलतं, एका पायावर पाच सेकंदही उभं राहता येत नाही, तर खुब्याच्या बाहेरच्या बाजूचा. कठडा धरूनही टाचा उचलता येत नाहीत, तर पोटरी. आणि पाऊल फरशीला घासतं, चपलेचं टोक आधी झिजतं, तर नडगीच्या पुढचा स्नायू. दाराजवळ काढून ठेवलेल्या चपला उलट्या करून पाहिल्या तर निम्मं निदान तिथेच होतं.

काही वेळा मात्र खरेदीचा विचारच करू नये. एका बाजूचा पाय अचानक लुळा पडला, बोलणं किंवा चेहरा वाकडा झाला, लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, बसायच्या जागी बधिरपणा आला, तर तडक हॉस्पिटल गाठायचं. काही दिवसांत किंवा आठवड्यांत झपाट्याने वाढत गेलेली कमजोरी, हातांची बोटंही अडखळू लागणं, पोटरी एकाच बाजूची सुजून दुखणं, हेही डॉक्टरचंच काम. हळूहळू आलेल्या कमजोरीतही बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, लघवी जास्त करणाऱ्या गोळ्यांनी उतरलेलं पोटॅशियम, कोलेस्टेरॉलच्या गोळीचा स्नायूंवर होणारा परिणाम, मधुमेहात मज्जातंतूंना झालेली इजा यांपैकी काही असू शकतं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-१२ तपासून घेणं शहाणपणाचं. रक्तात खोट असेल तर कितीही पट्टे बांधले तरी उपयोग अर्धाच होणार. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत.

घोट्याला बांधायची वजनं

या यादीतली सगळ्यात कामाची वस्तू हीच, आणि सगळ्यात जास्त चुकीची घेतली जाणारीही हीच. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात वृद्धांचं पडणं कमी करण्यासाठी जो व्यायामक्रम तयार झाला, तो घोट्याच्या वजनांवरच उभा आहे: आठवड्यातून तीन दिवस, साधारण अर्धा तास, सोबत तोल सांभाळण्याचे प्रकार आणि जमेल तसं चालणं. त्याच्या चाचण्यांमध्ये पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटलं.

घेताना पहिला फरक शिवलेल्या वजनाचा आणि खिशांच्या वजनाचा. शिवलेला १ किलोचा पट्टा महिना-दीड महिन्यात हलका वाटायला लागतो आणि सुधारणा तिथेच थांबते. खिशांचा पट्टा घ्या, ज्यात लोखंडी सळया किंवा छोट्या पिशव्या काढता-घालता येतात. एकेक सळई २०० ते ५०० ग्रॅमची असावी आणि एका पायाचं एकूण वजन निदान ४ किलोपर्यंत जावं. वेष्टनावरचं वजन कधी जोडीचं असतं, कधी एकाचं; ‘२ किलो’ वाचून घेतलेली जोडी प्रत्येकी १ किलोची निघते. घरी आल्यावर काट्यावर ठेवून खात्री करून घ्या. दोन पट्ट्यांत शंभरेक ग्रॅमचा फरक निघाला तर चालेल. त्याहून जास्त निघाला तर परत करा.

आतला माल काय आहे तेही बघा. वाळू भरलेला पट्टा स्वस्त पडतो, पायाला मऊही लागतो, पण काही महिन्यांत वाळू खालच्या कोपऱ्यात गोळा होते, पट्टा पिळवटतो आणि शिवण उसवली की फरशीवर वाळू सांडते. वाळूवरून पाय घसरणं हा या व्यायामाचा सगळ्यात हास्यास्पद शेवट ठरेल. लोखंडी छरे जास्त टिकतात. सळया सगळ्यात बऱ्या, फक्त खिशाचं तोंड वेल्क्रोने नीट बंद व्हायला हवं, नाही तर पाय उचलताना सळई निसटून पावलावर पडते. मुख्य पट्टी धातूच्या कडीतून वळवून उलट चिकटवायची असेल तर ती जास्त घट्ट बसते. सरळ चिकटणारी पट्टी सैल पडत जाते, आणि वेल्क्रोत धागे-केस अडकले की आणखी लवकर. जुन्या टूथब्रशने महिन्यातून एकदा साफ करा. सुजऱ्या पायांसाठी पट्टीची लांबी आधी मोजून घ्या. घोट्याच्या जरा वरचा घेर संध्याकाळी मोजायचा, तेव्हा सूज सगळ्यात जास्त असते.

बांधायची पद्धत: आधी पायमोजा, मग पट्टा, घोट्याच्या हाडांच्या दोन बोटं वर. पट्टा आणि पाय यांच्यामध्ये एक बोट सहज जायला हवं. म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ असते. उघड्या पायावर वेल्क्रोची कडा घासली तर जखम होते, आणि मधुमेहात ती कळतही नाही. खाली वाकून बांधताना चक्कर येत असेल तर पाय छोट्या स्टुलावर घ्या किंवा दुसऱ्याने बांधून द्या. पट्टे बांधून घरभर फिरणं ही ‘दुप्पट फायदा’वाली कल्पना मुळीच नको, पाऊल नेहमीपेक्षा कमी उचललं जातं आणि सतरंजीच्या कडेला अडकतं.

व्यायाम तीनच आहेत. पहिला मांडीसाठी: खुर्चीत मागे सरकून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, पाय समोर सरळ होईपर्यंत २-३ सेकंदांत वर, ४-५ सेकंदांत खाली. खाली येणं हळू हवं. बहुतेक जण पाय वर नेतात आणि सोडून देतात, म्हणजे निम्मा व्यायाम वाया. दुसरा खुब्यासाठी: ओट्याला किंवा कठड्याला धरून उभं राहायचं आणि पाय बाजूला उचलायचा. इथे हमखास दोन चुका होतात. धड विरुद्ध बाजूला झुकवून पाय उंच गेल्याचा भास करून घेतात, किंवा पावलाची बोटं बाहेर वळवतात आणि मग काम खुब्याच्या पुढचे स्नायू करतात. बोटं समोर, धड ताठ. पाय वीतभर गेला तरी पुष्कळ. तिसरा मांडीच्या मागच्या बाजूसाठी: तसंच उभं राहून टाच कुल्ल्याकडे.

वजन किती? ८ ते १० वेळा व्यवस्थित जमतं आणि मग पाय थकतो, तेवढं. १० वेळा करून गप्पा मारता येत असतील तर ते हलकं आहे. १०-१० च्या दोन फेऱ्या सहज व्हायला लागल्या की एक सळई वाढवायची. उचलताना श्वास रोखायचा नाही. मोठ्याने आकडे मोजले की तो आपोआप चालू राहतो. दुसऱ्या दिवशी मांडी ठणकली तर चालेल. गुडघा सुजला तर मात्र वजन कमी करा, कारण सुजलेला गुडघा मांडीच्या स्नायूला पूर्ण जोर लावूच देत नाही आणि मेहनत फुकट जाते. संधिवाताच्या गुडघ्यात पूर्ण सरळ करताना दुखत असेल तर दुखणाऱ्या टप्प्याच्या अलीकडे थांबा.

‘या वयात काय स्नायू बनणार’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. १९९० मध्ये मारिया फियातारोने या संशोधिकेने आणि सहकाऱ्यांनी नव्वदीच्या आसपासच्या १० जणांना ८ आठवडे चांगल्यापैकी जड वजनाचा मांडीचा व्यायाम दिला. पूर्ण केलेल्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. तो व्यायाम देखरेखीखाली झाला होता, हे मात्र विसरू नये.

रबरी बँड

हलके, घडी होणारे, प्रवासात नेता येणारे. रंगावरून ताकद ठरते, पण प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असतात. थेराबँडच्या पट्टीत पिवळा, लाल, हिरवा, निळा, काळा असा चढता क्रम आहे. पट्टा मूळ लांबीच्या दुप्पट ताणला तर पिवळ्यात साधारण १.३ किलो, लालमध्ये १.७, हिरव्यात २.१, निळ्यात २.६ आणि काळ्यात ३.३ किलोचा जोर लागतो. म्हणजे रंग बदलला तरी वाढ तशी बेतानेच होते, आणि मजबूत मांडीला पिवळा-लाल बँड काहीच लागत नाही.

बँडची अडचण अशी की ओढ किती लागली ते ताणावर ठरतं, आणि म्हातारा माणूस नकळत बँड सैल धरतो. मागच्या आठवड्यापेक्षा जास्त केलं की कमी, हे सांगता येत नाही. खुब्यासाठी मात्र तो उत्तम: गोल शिवलेला बँड गुडघ्यांच्या जरा वर चढवून खुर्चीत बसल्या बसल्या गुडघे फाकवायचे. नडगीसाठीही: बँड टेबलाच्या जड पायाला अडकवून पंजावर घ्यायचा आणि पंजा स्वतःकडे ओढायचा. पायात चढवताना अरुंद बँड गुंडाळून दोरी होतो आणि कातडीत रुततो, म्हणून रुंद घ्या, शक्यतो कापडी. लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर लॅटेक्स नसलेला. दर वेळी उजेडासमोर धरून कडांना चिरा पडल्यात का ते पाहायचं, कारण तुटलेला बँड थेट तोंडाकडे येतो. दुसऱ्या क्रमांकाची खरेदी.

खुर्चीत बसून चालवायचं पेडल

सगळ्यात जास्त खपणारी आणि सगळ्यात जास्त गैरसमज असलेली वस्तू. यात एका पट्टीचं घर्षण चाकाला लागतं आणि वरची खुंटी पिळली की ते वाढतं. घरगुती पेडलमध्ये ते फार वाढतच नाही; जास्त पिळलं तर चाक एका जागी अडकतं, पुढे झटका देतं आणि दहा-पंधरा मिनिटांत तो भाग हाताला गरम लागतो. म्हणून ताकदीच्या कसोटीवर पेडल नापास.

पण ते निरुपयोगी नाही. आखडलेला गुडघा मोकळा होतो, दम वाढतो, दिवसभर बसून राहणाऱ्याच्या पायांतलं रक्त फिरतं. कण्यातली नळी अरुंद झालेल्यांना चालताना पाय भरून येतात आणि पुढे वाकलं की बरं वाटतं. अशांना बसून पेडल चालवणं बहुधा जमतं, जिथे दोनशे पावलं चालणं जमत नाही. हा गट पेडलचा खरा गिऱ्हाईक. दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं त्यांनी जरूर करावं, आणि त्याच्या जोडीला वजनंही.

घेताना आकड्यांच्या पडद्यापेक्षा बुडाकडे बघा. हलकं आणि अरुंद पेडल प्रत्येक फेरीला पुढे सरकतं, मग माणूस खुर्चीच्या कडेला येत जातो आणि शेवटी घसरतो. रुंद बूड, चार रबरी पाय, खाली रबरी चटई, खुर्ची भिंतीला, आणि पेडल पट्ट्याने खुर्चीच्या पायांना बांधलेलं. चाकांच्या खुर्चीत बसून कधीच नाही. पायाच्या पट्ट्या चवड्यावर येतात की घोट्याजवळ, ते घालून पाहा. सैल पडल्या तर पाऊल निसटून पेडल नडगीवर आपटतं. मोटारवाल्या पेडलमध्ये मोटारच पाय फिरवते, स्नायू झोपलेला राहू शकतो. अर्धांगाच्या पायाचे सांधे हलते ठेवायला ते ठीक. जोर यायला नाही. कॅलरी दाखवणाऱ्या आकड्यावर चिकटपट्टी लावली तरी काही बिघडत नाही.

तळपायाला झटके देणारी मशीन आणि थरथरणारे पाट

तळव्याखाली विजेचे बारीक झटके देणाऱ्या पाटाने पोटरी उडते, बरंही वाटतं, काही जणांना मुंग्या कमी झाल्यासारख्या वाटतात. उठताना जो स्नायू लागतो तो मांडीत आहे, आणि हे झटके तिथे पोचत नाहीत. फिजिओथेरपिस्ट ऑपरेशननंतर मांडीवर पॅड लावून जो करंट देतात ते वेगळं तंत्र आहे, त्याच्याशी याची गल्लत नको. पेसमेकर असलेल्यांनी, शिरेत रक्ताची गाठ झालेल्यांनी, पायाला जखम असलेल्यांनी या मशीनच्या वाटेला जाऊ नये. मधुमेहात तळव्याची संवेदना गेली असेल तर भाजलेलंही कळत नाही.

थरथरणाऱ्या पाटाबद्दलचे अभ्यास उलटसुलट आहेत. ज्याला तोल सावरता येत नाही त्याला हलत्या पाटावर चढवणं हेच मुळात विचित्र.

गुडघ्याचे पट्टे आणि मोजे: आधार वाटतो, ऊब मिळते, चालायचा धीर येतो. ताकद येत नाही. झोपताना काढून ठेवा.

डबे आणि कॅप्सूल

१९९४ मध्ये फियातारोने यांच्याच गटाने नर्सिंग होममधल्या १०० वृद्धांवर पाहिलं की १० आठवडे वजनांचा व्यायाम केलेल्यांची ताकद दुपटीहून जास्त झाली, आणि नुसतं पोषक पेय घेतलेल्यांना फरक पडला नाही. डबा एकटा काही करत नाही, हे इतकं स्वच्छ दाखवणारा पुरावा क्वचित मिळतो. तरी प्रथिनं लागतातच: निरोगी वृद्धासाठी वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. जेवणातून एवढं जात असेल तर डबा नको. जात नसेल तर लेबलवर चमच्याचं वजन न वाचता एका चमच्यात प्रथिनं किती ते वाचा. ३० ग्रॅमच्या चमच्यात ८-१० ग्रॅमच निघाली तर बाकी बहुतेक साखर आणि पीठ. मूत्रपिंड कमजोर असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नका.

ड जीवनसत्त्व कमी असेल तर भरून काढावं, पण ‘जितकं जास्त तितकं बरं’ हे खरं नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात वर्षातून एकदाच ५ लाख युनिटचा डोस घेतलेल्या वृद्ध स्त्रिया न घेतलेल्यांपेक्षा जास्त पडल्या, हाडंही जास्त मोडली.

खुर्ची आणि काठी

वजनांच्या तोडीचं दुसरं साधन घरातच असतं. टणक, न हलणारी खुर्ची घ्या आणि तिच्यावर एकावर एक उशा ठेवून बैठक इतकी उंच करा की हात न लावता उठता येईल. मऊ सोफ्यात हा व्यायाम होत नाही. कुल्ले पुढच्या कडेला आणायचे, पावलं गुडघ्यांच्या जरा मागे, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत पुढे वाकायचं आणि मग उठायचं. न वाकता सरळ वर जायला बघणं हेच न उठता येण्याचं सगळ्यात सामान्य कारण; ताकद पुरेशी असून माणूस मागे कोसळतो. बसताना तीन मोजत बसायचं, धप्पकन नाही. ८-१० वेळा, दोन फेऱ्या, एक दिवसाआड. सहज जमलं की एक उशी काढा. सगळ्या उशा निघाल्या की उठताना वेग वाढवा, कारण अडखळल्यावर सावरायला नुसती ताकद पुरत नाही, ती झटकन यावी लागते, आणि वयाबरोबर आधी तेच जातं.

काठी आणि वॉकर ही पडू नये म्हणून घ्यायची साधनं. चप्पल घालून, हात सैल सोडून उभं राहिल्यावर मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी. काठी दुबळ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. बहुतेक जण उलटी धरतात. तळाच्या रबराची नक्षी गुळगुळीत झाली की ते बदला, काठी नाही.

सहा ते आठ आठवड्यांनी ३० सेकंदांची चाचणी पुन्हा घ्या, त्याच खुर्चीवर, त्याच वेळेला. आकडा दोननेही वाढला नसेल तर आधी वहीत पाहा, वजन शेवटचं कधी वाढवलं होतं. बहुधा पहिल्या आठवड्यातलंच वजन चालू असतं. वाढवूनही फरक नसेल तर फिजिओथेरपिस्टकडे एकदा दाखवा.

ताप, ऑपरेशन, हॉस्पिटलचा मुक्काम यानंतर गणित परत मागे येतं. २००७ च्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांना नुसतं १० दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांतलं सुमारे १ किलो मांस (चरबी सोडून) गेलं. अशा वेळी जुन्या वजनाने सुरू केलं तर गुडघा सुजतो आणि माणूस कंटाळून सोडून देतो. निम्म्या वजनाने सुरुवात करा, खुर्चीवर एक-दोन उशा परत ठेवा, आणि खिशातून काढलेल्या सळया डब्यात जपून ठेवा. लागतील.